म्हाताऱ्या शेळीला पुन्हा बोकड दाखवावा का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

मी बचत गटांचं काम बघते. आमच्या भागातल्या गटांच्या बैठका घेणं, वह्या तपासणं, बँकेत जाणं, हे माझं रोजचं काम. मी शिकले बीए. जनावरांची डॉक्टर नाही. पण आपल्या गटातल्या दहा बायांपैकी सात-आठ जणींच्या दारात शेळी असते, त्यामुळं कर्जाचा विषय निघाला की शेळीचा निघतोच. आज मी बोलणार आहे ते अशाच एका बैठकीत निघालेल्या प्रश्नावर. प्रश्न असा, की शेळी म्हातारी झाली, पण माजावर आली. तिला बोकड दाखवायचा का नाही?

तुम्ही म्हणाल, यात काय विचार करायचा? शेळी पाळली ती करडांसाठीच. मीही असंच म्हणत होते. माझ्या त्या म्हणण्याची किंमत माझ्या आईच्या शेळीनं मोजली. ते पुढं सांगते.

आधी बैठकीतली गोष्ट. आषाढ लागला होता. शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, आणि एक मावशी उठून उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली बाई. त्या कधी कर्ज मागायला उभ्या राहत नाहीत, म्हणून सगळ्या गप्प झाल्या. त्या म्हणाल्या, “मला तीन हजार पाहिजेत. चंद्री माजावर आलीय. तिला लावते म्हणते. खुराकाला आणि डॉक्टरला पैसे लागतील.”

चंद्री म्हणजे मावशींची शेळी. काळीभोर उस्मानाबादी, लांब कान, कपाळावर पांढरी टिकली. आपल्या धाराशिव, लातूर, सोलापूरकडची ही जात. जुळी देण्यात हिचं नाव आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार. मावशींनी ती 2017 साली गटाच्या पहिल्या कर्जातून साडेचार हजाराला घेतली. घेतली तेव्हा ती दोन दाती होती. तेव्हापासून तिची आठ वेतं झाली. पहिल्या वेताला एक, मग सहा वेळा जुळी, आणि शेवटच्या वेताला एक, अशी चौदा करडं. मावशींच्या घरावरचे पत्रे चंद्रीच्या बोकडांवर आले. थोरलीचं लग्न, धाकटीची बारावी, सगळ्यात चंद्रीचा वाटा आहे. आता धाकटीला नर्सिंगला घालायचं होतं.

मावशी पैसे मागून बसल्या आणि कुजबूज सुरू झाली. एक जण म्हणाली, “मावशी, ती म्हातारी झाली की. तिचं तिलाच धड चालवंना.” दुसरी म्हणाली, “पैसे द्यायला ना नाही, पण शेळी दगावली तर हप्ता कुठून भरणार?” तिसरी म्हणाली, “विकून टाका, अजून दोन पैसे येतील.” तशा मावशी ताडकन म्हणाल्या, “विकणार नाही. मला तिची एक लेक मागं ठेवायचीय. एवढी चौदा झाली, पण अडचणीला सगळी विकली. दावणीला तिचं एकही राहिलं नाही.”

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मावशी म्हणाल्या, “पोरी, तू शिकलेली आहेस. तू सांग. लावू का नको?”

मी लगेच बोलू शकले नाही. मला माझी आई आठवली.

मैत्रिणींनो, चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या माहेरी एक शेळी होती, आठ वर्षांची. आईनं फोन केला, “अगं, शेळी माजावर आलीय. वय झालंय, वाळलीय पण. काय करू?” मी तेव्हा कुठल्या तरी गटाची वही भरत होते. फोन कानाशी धरून म्हणाले, “लाव की. दोन करडं झाली तर दहा हजार सुटतील.” एवढंच. शेळी बघितली नाही. दात विचारले नाहीत. चारा किती आहे ते विचारलं नाही. आईनं लेकीचं ऐकलं.

ती गाभण राहिली ती कार्तिकात. म्हणजे शेवटचा महिना आला ऐन चैत्राच्या उन्हात. हिरवा चारा नाही, कडबा चावायला दात नाहीत. पाचव्या महिन्यात तिनं खाणं सोडलं. कोपऱ्यात मान टाकून बसायची, दात करकरा वाजवायची, पाय सुजले. आईला वाटलं ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, पोटात दोन जीव आहेत. त्यांना लागणारी ताकद हिच्या खाण्यातून मिळत नाही, म्हणून हिचं अंग स्वतःचीच चरबी जाळतंय, आणि त्याचं विष अंगात भिनलंय. सलाईन लावलं. रात्री शेळी गेली. पोटातली दोन्ही गेली. आई मला एका शब्दानं बोलली नाही. “तिचं तेवढंच होतं,” म्हणाली. पण मला माहीत आहे, तिचं तेवढंच नव्हतं. मी न बघता बोलले होते.

म्हणून त्या शनिवारी मी मावशींना म्हणाले, “मावशी, मी इथं बसून सांगणार नाही. उद्या सकाळी आपण पशुसखीला घेऊन तुमच्या गोठ्यात येऊ. चंद्रीला हात लावून बघू. मग तुम्हीच ठरवा.” आणि गटानं ठरवलं, बघितल्यावर कर्जाचं बोलू.

रविवारी आम्ही गेलो. गटातल्या सहा-सात जणी आल्या. पशुसखीनं आम्हाला एकेक गोष्ट हातानं करून दाखवली. ती मी तुम्हाला आज सांगते, म्हणजे तुमच्या गोठ्यात तुम्हीच बघू शकाल. यात एक रुपया लागत नाही.

पहिलं, दात. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात. वर्ष-सव्वा वर्षाला मधले दोन दुधाचे दात पडून दोन मोठे येतात, तिला आपण दोन दाती म्हणतो. दोन वर्षांच्या आसपास चार, तिसऱ्या वर्षाच्या आसपास सहा, आणि चौथ्या वर्षापर्यंत आठही दात येतात. त्यानंतर दातांत फटी पडतात, ते झिजतात, हलतात, पडतात. खरं वय किती यापेक्षा तिला चावता येतं का, हे महत्त्वाचं. ज्या शेळीला कडबा, पाला नीट चावता येत नाही, तिला पोटातल्या दोघांचं पुरवता येणार नाही. चंद्रीच्या खालच्या आठातले तीन पडले होते, एक हलत होता.

दुसरं, पाठ. शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेवर हात ठेवा आणि बोटांनी कणा चाचपा. कण्याची हाडं करवतीच्या दात्यांसारखी बोटाला टोचली, तर शेळी फार वाळली आहे. हाडं लागतात पण वर मांसाचा थर आहे, तर ठीक. हाड सापडतच नाही इतकी चरबी असेल, तर तेही बरं नाही. फार लठ्ठ शेळीलासुद्धा शेवटच्या महिन्यात माझ्या आईच्या शेळीला झाला तोच आजार होतो. काळ्या केसांवर डोळ्यांनी कळत नाही हो, पावसाळ्यात केस फुगतात आणि शेळी भरल्यासारखी दिसते. हातच लावावा लागतो.

तिसरं, डोळ्याची खालची पापणी. अंगठ्यानं हळूच खाली ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर चांगलं. पांढरट असेल तर अंगात रक्त कमी आहे. बहुतेक वेळा पोटातले जंत रक्त पितात. अशा शेळीच्या लेंड्या डब्यात घालून दवाखान्यात तपासायला न्याव्यात आणि डॉक्टर सांगतील तेच जंताचं औषध द्यावं. औषध मनानं देऊ नका, कारण जंताची काही औषधं गाभणपणाच्या सुरुवातीला दिली तर करडाला अपाय होतो. शेळी लावून झाली असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा.

चौथं, कास. शेळीला दोनच सड. दोन्ही बाजू हातानं दाबून बघा. मऊ असायला हव्यात. एखादी बाजू दगडासारखी घट्ट असेल, गाठी लागत असतील, तर मागच्या वेताला दगडी झाली होती आणि त्या बाजूचं दूध गेलं, असं समजा. ही गोष्ट आपण बाया विसरतो. करडू होईपर्यंतचाच विचार करतो. झाल्यावर ते पिणार काय? चंद्रीची डावी बाजू घट्ट होती. मावशी म्हणाल्या, “हो, मागच्या बोकडाला मी बाटलीनंच पाजलं.”

पाचवं, पाय आणि चाल. खूर वाढलेत का, गुडघे सुजलेत का, उठताना आधार शोधते का? शेवटच्या महिन्यात पोटात चार-पाच किलोचं ओझं असतं. चरायला जाता आलं नाही तर ती बसून राहील, आणि बसली की खाणं सुटतं.

सहावं, मागची वेतं आठवा. गाभडली होती का? अडली होती का? वार अडकली होती का? अंग बाहेर आलं होतं का? एकदा झालेलं पुन्हा होण्याची भीती जास्त. आणि गाभडण्यावरून एक गोष्ट आवर्जून सांगते. गाभडलेलं करडू, वार, ते पाणी, यांना उघड्या हातानं कधी हात लावू नका. हातात प्लास्टिकची पिशवी तरी घाला. गरोदर बाईनं तर जवळसुद्धा जाऊ नये. काही शेळ्या ब्रुसेलोसिस नावाच्या आजारानं गाभडतात आणि तो आजार माणसाला होतो. अंगात बारीक ताप, सांधे दुखणं, महिनोन्महिने चालतं. ते सगळं खोल पुरा, हात साबणानं धुवा, आणि असल्या शेळीचं दूध उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका.

या सहा गोष्टी झाल्या. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत शेळी चांगली वेतं देते, पुढं तिची ताकद उतरत जाते. पण सगळ्या सारख्या नसतात. एखादी सहाव्या वर्षीच थकलेली असते, एखादी आठव्या वर्षी टणक असते. म्हणून वयाचा आकडा एकटा बघू नका. सहाही गोष्टी चांगल्या असतील तर डॉक्टरांना विचारून एखादं वेत घ्यायला हरकत नाही. दोन गोष्टी बिघडल्या असतील तर थांबा. आणि दात, पाठ व कास या तिन्ही गेल्या असतील, तर लावूच नका.

अजून एक. चार-पाच वर्षांची होऊनही जी एकदाही व्यालेली नाही, तिलाही आधी डॉक्टरांना दाखवा. ती का राहिली नाही ते कळल्याशिवाय बोकड दाखवत बसण्यात अर्थ नाही.

चंद्रीच्या तिन्ही गोष्टी गेलेल्या होत्या. मावशींनी स्वतः कण्यावर हात फिरवला. दोनदा फिरवला. बोलल्या नाहीत.

मग आम्ही तिथंच दगडावर बसून हिशेब मांडला. शेळी गाभण राहिल्यापासून व्यायला पाच महिने, म्हणजे साधारण दीडशे दिवस. शेवटचे दीड महिने रोज पाव किलो खुराक धरला तर अकरा किलोच्या वर लागतो. व्यायल्यावर दूध एकाच सडाला. जुळी झाली तर एकाला तरी वरचं दूध. रोजचा अर्धा लिटर, दोन महिने, म्हणजे तीस लिटर. पन्नास रुपये लिटरनं दीड हजार. डॉक्टर, सलाईन वेगळं. आणि एवढं करून मादी करडूच होईल, असा कागद देव लिहून देत नाही. दोन्ही बोकड झाले तर? मावशींना लेक हवी होती. शेळी पणाला लावायची आणि हाती बोकड यायचा.

यावर गटातली एक आजी जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, “आपल्याला तरी कुणी विचारलं होतं का गं, अंगात ताकद आहे का म्हणून? पोरगा होईस्तोवर होऊ दे म्हणायचे. मला सात झाली. शेवटच्याला मी मरता मरता वाचले. त्या मुक्या जिवाला तरी विचारून करा.” सगळ्या गप्प झाल्या. मावशींनी चंद्रीच्या मानेला हात लावला आणि म्हणाल्या, “बरं. नाही लावत.”

पण लेकीचं काय? तेव्हा पशुसखीनंच विचारलं, “मावशी, चौदातलं एकही जिवंत नाही कुठं? सगळी खाटकालाच दिली?” मावशी विचार करून म्हणाल्या, “एक मादी माझ्या बहिणीला अर्धलीनं दिली होती, लॉकडाऊनच्या वर्षी. तिच्याकडं आहे अजून.” झालं. मावशी आठवड्यानं बहिणीच्या गावाला गेल्या. ती शेळी बहीण देईना, दुभती होती. पण तिची दोन दाती लेक होती. म्हणजे चंद्रीची नात. बहिणीनं बाजारभावानं साडेसात हजार सांगितले, सात हजाराला दिली. मावशींना वाईट वाटलं, सख्ख्या बहिणीनं सूट दिली नाही म्हणून. पण बहिणीलाही घर आहे. गटानं तीन हजारांऐवजी सात हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. हप्ता मोठा झाला, मावशी आता आठवड्याला दोन दिवस जास्त कामाला जातात. हे मी लपवत नाही. शहाणपणाचा निर्णय नेहमी स्वस्त पडतो असं नाही.

आता, ज्यांनी म्हाताऱ्या शेळीला लावायचं नाही ठरवलं, त्यांनी काय सांभाळायचं? शेळी साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. ओरडते, शेपूट हलवते, निरण लाल होते, सोट टाकते, खाण्यावर लक्ष राहत नाही. हे दिवसभर, दीड दिवस चालतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दोन-तीन दिवसांत तिला कळपात चरायला सोडू नका. चंद्री पहिल्या वेळी दोन दिवस ओरडली. मावशी दार लावून तिच्याजवळ बसल्या होत्या, कामाला गेल्या नाहीत. आणि घरातल्या बोकडांवर लक्ष ठेवा. तीन-चार महिन्यांचं बोकडसुद्धा शेळी गाभण करू शकतं, मग ती त्याची आई का असेना. म्हणून त्या वयात बोकडं वेगळी बांधा, किंवा दवाखान्यात खच्ची करून घ्या. चुकून लागलीच, तर झाडपाल्याचे काढे पाजू नका. डॉक्टरांना लगेच सांगा, त्यांच्याकडं उपाय असतो.

ज्यांची शेळी वयस्कर पण धडधाकट आहे, आणि ज्या एक वेत घेणार आहेत, त्यांच्यासाठी थोडं.

वेळ बघून लावा. आषाढात लागलेली शेळी मार्गशीर्षात व्यायते. तिचे शेवटचे दोन महिने पावसाळ्यानंतरच्या चाऱ्यात जातात. थंडीत करडाला पोत्याची ऊब द्यावी लागते, पण आईच्या पोटाला मिळतं. कार्तिकात लावलेली चैत्रात व्यायते, उन्हात आणि चारा नसताना. तरणी शेळी ते सोसते. म्हातारी नाही. माझ्या आईची शेळी अशीच गेली.

बोकड तिच्या नात्यातला नको. तिचाच लेक, भाऊ, बाप नको. गावात एकच बोकड वर्षानुवर्षं फिरत असेल तर गटानं मिळून दोन वर्षांनी तो बदलावा.

शेवटच्या दीड महिन्यात खुराक हळूहळू वाढवत पाव किलोपर्यंत न्या, एकदम नको. दात कमी असतील तर भरडा ओला करून द्या, पाला कापून द्या, आणि तो थोडा थोडा दिवसातून चार वेळा द्या. पोटात करडं मोठी झाली की एका वेळी जास्त खाता येत नाही. आंत्रविषाराची लस व्यायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून द्या. आणि एक गोष्ट पाठ करा: गाभण म्हातारीनं एक वेळचं खाणं सोडलं, तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा. 1962 हा फुकटचा नंबर आहे, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा. मोबाईलमध्ये आत्ताच लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या.

व्यायच्या वेळी अर्धा-पाऊण तास जोराच्या कळा देऊनही करडू पुढं सरकत नसेल, तर ओढाताण करू नका, डॉक्टर बोलवा. बारा तासांत वार पडली नाही तरी तेच. आणि करडाला पहिल्या तासाभरात चीक मिळायलाच हवा. दोन किलोच्या करडाला दिवसभरात मिळून दोनशे मिली तरी. काहीजणी वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत, ते चुकीचं आहे. वार पडायची वाट करडाच्या पोटाला बघायला लावू नका. आईला चीक कमी असेल तर त्याच दिवशी व्यालेली दुसरी शेळी गावात शोधा.

शेवटी एक अवघड गोष्ट. व्यायची नाही अशी म्हातारी शेळी ठेवायची का विकायची? यात मी कुणाला शिकवणार नाही. ज्या घरात पोरांच्या ताटात कमी पडतंय, त्या बाईनं शेळी बाजारात नेली तर तिला कुणी निर्दय म्हणू नये. मावशींनी ठेवली, कारण त्यांच्याच्यानं दोर सोडवेना. दोन्ही बाया आपल्याच आहेत. पण एवढं मात्र सांगते, म्हातारी शेळी तरणी म्हणून, गाभण म्हणून दुसऱ्या गटातल्या बाईच्या गळ्यात मारू नका. ती पण कर्ज काढून आलेली असते. आणि तुम्ही घ्यायला गेलात तर तोंड उघडून दात बघा, कासेला हात लावा, लाजू नका.

आता चंद्रीचं सांगते. ती आहे. सकाळी उन्हात बसते, ओला भरडा खाते, मावशी दारात आल्या की ओरडते. तिची नात तिच्या शेजारीच बांधलेली असते. तिच्या कपाळावर टिकली नाही, पण कान तसेच आहेत. ती भाद्रपदात लागली, आता तीन महिन्यांची गाभण आहे. पहिलटकरीण आहे, म्हणून मावशींनी कॅलेंडरवर दिवस लिहून ठेवलाय आणि खाली 1962 लिहिलंय. धाकटीचा नर्सिंगचा पहिला हप्ता गटातल्या दुसऱ्या एका ताईनं आपली पाळी मागं घेतली म्हणून भरता आला. त्या ताईचं नाव मी घेत नाही, तिला आवडणार नाही.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. वह्या मिटल्यावर एका जणीच्या गोठ्यात सगळ्या मिळून जा. एकीनं दात बघा, एकीनं पाठ, एकीनं पापणी, एकीनं कास. ज्या शेळीवर आपण कर्ज काढतो, तिला निदान एकदा हात लावून बघू. फोनवर सांगू नका. मी सांगितलं होतं.

भेटू पुन्हा. सगळ्यांना नमस्कार.